विश्लेषण : कारखाना वाचला, कलाकार गेले… बीजिंगच्या ‘७९८’पासून गिरणगावाने काय घ्यावे?

छताच्या काँक्रीटच्या कमानींवर माओच्या काळातल्या लाल घोषणा अजून तशाच आहेत. त्यांच्याखाली एकीकडे चित्रे टांगली आहेत आणि दुसरीकडे कॉफीचा कप हातात धरून फोटो काढणाऱ्या तरुणांची गर्दी आहे. बीजिंगच्या ईशान्येला, विमानतळाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या दाशान्झी भागातला ‘७९८ कलाक्षेत्र’ नावाचा हा परिसर आज चीनमधल्या समकालीन कलेचा सर्वांत प्रसिद्ध पत्ता आहे. ‘जुन्या कारखान्याचे काय करायचे,’ असा प्रश्न पडलेल्या कुठल्याही शहरात या नावाचा दाखला दिला जातो. मुंबईतल्या गिरण्यांची चर्चा निघाली की तोही हमखास दिला जातो. मात्र तो देताना अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

‘७९८’ हा आकडा आला कुठून?

१९५०च्या दशकात नव्या चीनला लष्करासाठी आणि रेडिओसाठी इलेक्ट्रॉनिक सुटे भाग हवे होते. मदत सोव्हिएत संघाची होती, पण हे तंत्रज्ञान पूर्व जर्मनीकडे अधिक चांगले होते. म्हणून या कारखान्याचे काम पूर्व जर्मन अभियंत्यांकडे गेले. १९५४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९५७ मध्ये ‘संयुक्त कारखाना ७१८’ सुरू झाला. लष्कराशी संबंधित कारखान्यांना नावाऐवजी सातने सुरू होणारा आकडा द्यायची तेव्हा पद्धत होती. १९६४ मध्ये या अवाढव्य कारखान्याचे प्रशासकीय तुकडे झाले. ७०६, ७०७, ७१८, ७९७, ७९८ आणि ७५१ अशा त्या तुकड्यांपैकी ७९८ हे नाव पुढे सगळ्या परिसराला चिकटले.

इथे नोकरी मिळणे प्रतिष्ठेचे होते. कामगारांसाठी घरे, दवाखाना, क्लब, क्रीडास्पर्धा असे सगळे आवाराच्या आतबाहेर होते. कारखाना हेच एक गाव होते. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९८०च्या दशकात चीनची अर्थव्यवस्था खुली होऊ लागली, सरकारी मागणी आटली आणि एकेक विभाग बंद पडत गेला. बहुतेक कामगार घरी बसले. उरल्या त्या रिकाम्या शेड, आणि ‘सेव्हन स्टार’ समूह नावाने उभी राहिलेली, या जागा भाड्याने देऊन निवृत्त आणि कपात झालेल्या हजारो कामगारांचे देणे भागवू पाहणारी सरकारी मालकीची कंपनी.

कलाकारांना कारखानेच का आवडतात?

भाडे कमी असते, हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसे नाही. रिकामी गोदामे आणि ओसाड सरकारी कार्यालयेही स्वस्त असतात. तिथे कोणी स्टुडिओ थाटायला धावत नाही. खरे कारण छपरात आहे. (इंजिनीअरिंगची पदवी घेऊन बातमीदारीत आलेल्या माणसाला तिचा उपयोग दाखवायची संधी क्वचितच मिळते, तेव्हा थोडे सविस्तर.)

या शेडचे छप्पर बाजूने पाहिले तर करवतीच्या दातांसारखे दिसते. प्रत्येक दाताची एक बाजू बंद, उतरती असते आणि दुसरी उभी, काचेची. ही काचेची बाजू उत्तरेकडे ठेवतात. उत्तर गोलार्धात सूर्य दिवसाचा बहुतेक वेळ दक्षिणेच्या बाजूने फिरतो. त्यामुळे उत्तरेच्या काचेतून थेट ऊन येत नाही, आकाशाचा पसरट, थंड उजेड येतो. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत फारसा बदलत नाही आणि सावल्या पाडत नाही. बारीक तारा जोडणाऱ्या कामगाराला जसा उजेड लागतो, नेमका तसाच चित्रकाराला लागतो. विजेचे दिवे स्वस्त होण्याआधी जगभर कारखाने असेच बांधले गेले. आपल्या गिरण्यांच्या साचाखात्यांवरची छपरे याच जातीची. मुंबईत एक छोटा अपवाद घडतो. आपण १९ अंश अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. दरवर्षी आपण ‘शून्य सावली दिवसा’ची बातमी देतो ती याच हिशेबातली.

दुसरे कारण मोकळ्या जागेचे. ७९८च्या मोठ्या शेडमध्ये काँक्रीटच्या वक्र कमानी लांबवर छप्पर तोलून धरतात, मध्ये खांबांची अडचण फारशी नाही. दोन-तीन माणसांच्या उंचीचे शिल्प उभे करा, ट्रक आत आणा, काही बिघडत नाही. यंत्रांचे वजन आणि हादरे सोसण्यासाठी घातलेली जमीन दगडाच्या शिल्पाला पुरून उरते. मुंबईच्या जुन्या गिरण्या या बाबतीत थोड्या वेगळ्या आहेत. तिथे बिडाच्या खांबांच्या रांगाच्या रांगा असतात. त्यामुळे ७९८चा आराखडा उचलून परळला चिकटवता येणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

सुरुवात कोणी केली?

कोणत्याही सरकारी योजनेने नाही. १९९५ मध्ये बीजिंगच्या मध्यवर्ती ललित कला अकादमीच्या शिल्पकला विभागाला युद्धस्मारकाच्या मोठ्या शिल्पांसाठी जागा हवी होती. ती इथे स्वस्तात मिळाली. २००० मध्ये शिल्पकार सुई जियानगुओ यांनी आपला स्टुडिओच इथे आणला. २००२ मध्ये रॉबर्ट बर्नेल या अमेरिकी गृहस्थांनी कारखान्याच्या जुन्या उपाहारगृहात कलेच्या पुस्तकांचे दुकान आणि प्रकाशन सुरू केले. त्याच वर्षी ताबाता युकिहितो या जपानी कलादालनचालकाने एका शेडची डागडुजी करून प्रदर्शन भरवले. चित्रकार हुआंग रुई आणि छायाचित्रकार शू योंग आले. भिंतींवरचे चुन्याचे थर खरवडताना आत जुन्या घोषणा सापडल्या. त्या पुसायच्या नाहीत, असे या मंडळींनी ठरवले. आज पर्यटक ज्यासाठी येतात ते दृश्य असे एका रंगकामाच्या वेळच्या निर्णयातून तयार झाले आहे.

इथे आणखी एक संदर्भ लागतो. बीजिंगच्या जुन्या उन्हाळी राजवाड्याच्या परिसरात कलाकारांची एक वस्ती होती. ती १९९५ मध्ये पोलिसांनी उठवली. म्हणजे ७९८मध्ये आलेल्या अनेकांना एकदा बिऱ्हाड उचलायचा अनुभव होता.

बुलडोझर थांबला तो कसा?

सेव्हन स्टार समूहाच्या डोक्यात हे काही नव्हते. या जागेवर आधुनिक इलेक्ट्रॉनिक्स नगरी उभारायची आणि २००५च्या अखेरीपर्यंत भाडेकरूंना हलवायचे, असा बेत होता. कलाकार हे तोवर जागा रिकामी राहू नये म्हणून ठेवलेले तात्पुरते कूळ होते. नवे करार करणे कंपनीने थांबवले. त्याला उत्तर म्हणून हुआंग रुई आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘दाशान्झी आंतरराष्ट्रीय कला महोत्सव’ भरवला. निषेधमोर्चा काढायची सोय नसलेल्या देशात त्यांनी गर्दी जमवण्याचा कायदेशीर मार्ग शोधला, असेच म्हणावे लागेल. परदेशी पत्रकार आले, राजदूत आले, फोटो जगभर गेले.

दुसरी आघाडी शिल्पकार ली शियांगचुन यांनी उघडली. ते बीजिंगच्या लोकप्रतिनिधी सभेचे सदस्यही होते. हा परिसर औद्योगिक वारसा म्हणून जपावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. त्यात वेळ जुळून आली. २००८चे ऑलिम्पिक तोंडावर होते आणि जगाला दाखवायला शहराला काहीतरी वेगळे हवे होते. २००६ मध्ये सरकारने ७९८ला सांस्कृतिक सर्जनशील उद्योगाचे क्षेत्र म्हणून मान्यता दिली. पाडकामाचा विषय संपला. २००७ मध्ये बेल्जियमचे संग्राहक गी आणि मिरियम उलेन्स यांनी इथे मोठे कलाकेंद्र उघडले. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या पेस गॅलरीची शाखा आली. शेजारच्या ७५१ क्रमांकाच्या बंद पडलेल्या गॅस कारखान्याच्या टाक्या आणि नळ्या तशाच ठेवून तिथे फॅशन आणि डिझाइनचा परिसर सुरू झाला.

इमारतींच्या बाजूने पाहिले तर हा पूर्ण विजय आहे.

मग बिघडले कुठे?

सरकारी मान्यता मिळाली, तशी जागेची किंमत वाढली. मालक तोच राहिला, सेव्हन स्टार समूह. फरक एवढाच, की आता त्याला कळले होते की आपल्या हातात सोन्याची खाण आहे. करार छोट्या मुदतीचे होते आणि भाडे नूतनीकरणाच्या वेळी वाढत गेले. आधी स्टुडिओ गेले, कारण एका चित्रासाठी सहा महिने घालवणारा माणूस रोज कॉफी विकणाऱ्या दुकानाएवढे भाडे देऊ शकत नाही. ते शहराबाहेरच्या साओछांगदी आणि सोंगझुआंगसारख्या गावांकडे सरकले. मग छोटी कलादालने गेली. त्यांच्या जागी कॅफे, भेटवस्तूंची दुकाने, लग्नाआधीच्या फोटोंची सत्रे आणि मोटारींच्या नव्या मॉडेलचे अनावरण आले. पेस गॅलरीनेही २०१९ मध्ये आपली बीजिंगमधली जागा बंद केली. तिच्या बाबतीत अमेरिका-चीन व्यापारतंट्याचा हातही मोठा होता, हे नोंदवले पाहिजे. उलेन्स दाम्पत्याने आपले केंद्र २०१७ मध्ये गुंतवणूकदारांच्या गटाकडे सोपवले. ते केंद्र मात्र सुरू आहे आणि तिथली प्रदर्शने आजही दखल घ्यावी अशी असतात.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट दबून जाते. मान्यतेबरोबर देखरेखही आली. राजकीय आशयाची चित्रे प्रदर्शनांतून उतरवायला लावल्याचे प्रकार घडले. ज्या हुआंग रुई यांनी हा परिसर वाचवण्यासाठी सर्वाधिक धावपळ केली, त्यांनाच पुढे आपली इथली जागा सोडावी लागली.

हे चक्र काही चीनचे वैशिष्ट्य नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात हेच झाले होते. तिथल्या रिकाम्या कारखान्यांत चित्रकार राहू लागले, १९७१ मध्ये शहराने नियम बदलून त्यांचे राहणे अधिकृत केले, आणि पुढच्या दशकात तिथे श्रीमंतांची घरे आणि महागडी दुकाने आली. शॅरन झुकिन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्येच ‘लॉफ्ट लिव्हिंग’ या पुस्तकात हा व्यवहार उलगडून दाखवला होता. कलाकार पडीक जागेला किंमत आणून देतात. ती किंमत वसूल होते तेव्हा मात्र ते तिथे नसतात. टोरांटोच्या डिस्टिलरी भागात जुन्या मद्यनिर्मिती कारखान्याचा कलापरिसर झाला तेव्हा यावर एक उतारा शोधला गेला. आर्टस्केप या ना-नफा संस्थेने तिथल्या जागा एकगठ्ठा, लांब मुदतीच्या कराराने घेतल्या आणि कलाकारांना बाजारभावापेक्षा कमी भाड्याने दिल्या. बरीच वर्षे ते चालले. मात्र २०२३ मध्ये ही संस्थाच दुसऱ्या एका मोठ्या प्रकल्पाच्या कर्जापायी कोलमडली. संस्था भल्या हेतूची असली म्हणजे जागा सुरक्षित राहते, असेही नाही.

गिरणगावात असे का झाले नाही?

मुंबईत ५८ गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन होती. म्हणजे ७९८च्या कितीतरी पट. त्यातल्या २५ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे म्हणजे केंद्र सरकारकडे होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर बहुतेक गिरण्यांचा भोंगा हळूहळू बंद झाला. इथपर्यंत दोन्ही शहरांची कथा सारखीच दिसते.

फरक पडला तो नियमात. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये या कलमात बदल झाला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, उभ्या इमारती पाडून मोकळी होणारी जागा त्यात धरायची नाही, असे ठरले. गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळी जागा कितीशी असणार? शहराचा आणि कामगारांच्या घरांचा वाटा आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. त्यानंतर काय झाले ते लोअर परळ स्थानकाबाहेर उभे राहिले की दिसते.

म्हणजे बीजिंगमध्ये जमीन विकायची सोय नव्हती, म्हणून शेड उरल्या. मुंबईत शेड पाडण्यात फायदा होता, म्हणून त्या गेल्या. कलेची आवड इकडे कमी आणि तिकडे जास्त, असे काही नव्हते.

ज्या काही गिरण्यांच्या इमारती उरल्या, त्यांचा पुनर्वापर झाला, पण तो उपाहारगृहे, कार्यालये आणि मॉलसाठी. त्यातही जुनी इमारत नव्या वापराला देताना जिने, बाहेर पडायच्या वाटा आणि आगीची व्यवस्था नव्याने आखावी लागते, ही पहिली पायरीच नीट चढली गेली नाही. २९ डिसेंबर २०१७च्या रात्री कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांच्या आगीत १४ जणांचा जीव गेला. ‘जुन्या गिरणीत नवे काहीतरी’ या कल्पनेबद्दल उत्साहाने बोलताना हा आकडा विसरून चालणार नाही.

पण घरांचे काय?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले, त्यातल्या अनेकांची वाट पाहण्यात हयात गेली. सोडतीची तारीख आणि कागदपत्रांची यादी यावर आमच्या डेस्कवरून बातमी गेली की सर्वाधिक प्रतिक्रिया त्यावर येतात. अशा वेळी स्टुडिओ आणि कलादालनांची भाषा कुणाला श्रीमंती चोचला वाटली तर त्यात नवल नाही. पण जमीन घरांना मिळाली नाही ती कलेमुळे नव्हे. ती २००१च्या बदलामुळे मिळाली नाही. घरांचा हक्क आणि दोन-चार शेडचे जतन यांना एकमेकांसमोर उभे करणे सोयीचे आहे, ते कोणाच्या सोयीचे हेही उघड आहे.

शिवाय गिरणगावाला कला बाहेरून आणायची गरज कधीच नव्हती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लालबावटा कलापथक याच वस्त्यांत फिरले. कोकणातले दशावतार आणि नमन, घाटावरचे तमाशे, चाळीतली भजनी मंडळे, कामगार रंगभूमी हे सगळे पाळी संपल्यावर इथे होत असे. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासूनचे. ते पुनर्विकासासाठी बंद झाले तेव्हा नाट्यगृह परत मिळावे म्हणून रंगकर्मींना आंदोलन करावे लागले. कलापरिसराची स्वप्ने पाहणाऱ्या शहरात ही बातमी स्थानिक पानावरच राहिली. चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी बदलते लोअर परळ कॅनव्हासवर आणले आणि जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने संपानंतरचे घर रंगमंचावर दाखवले. ही कला आधीच आहे. तिला या भागात छप्पर मिळत नाही, एवढेच.

आता हातात काय उरले आहे?

थोडेच, पण शून्य नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३च्या जागेवर महापालिकेचे वस्त्रोद्योग संग्रहालय गेली अनेक वर्षे टप्प्याटप्प्याने आकार घेते आहे. महामंडळाच्या काही बंद गिरण्यांच्या इमारती आणि चिमण्या अजून उभ्या आहेत. तात्पुरत्या प्रयोगांचा अनुभवही मुंबईला आहे. २०१७ मध्ये १८७५ सालच्या ससून डॉकमध्ये भरलेल्या कलाप्रकल्पाला लोकांनी रांगा लावल्या होत्या. आणि तिथे कोळणींचे काम थांबवून कला आणली नव्हती. मासळीचा वास आणि चित्रे एकाच आवारात होती. आमच्या मते तो मुंबईतला आजवरचा सर्वांत प्रामाणिक नमुना आहे.

काळाचौकीत काय व्हावे, याचे उत्तर ७९८च्या दुसऱ्या अर्ध्या गोष्टीत आहे. संग्रहालय म्हणजे काचेच्या पेटीतला साचा आणि भिंतीवरचा माहितीफलक एवढेच ठरले तर शाळेच्या सहलींपलीकडे तिथे कोणी जाणार नाही. आवारात काम करण्याच्या जागा हव्यात, चित्रकारांच्या, नाटकाच्या तालमींच्या, हातमागाच्या आणि छपाईच्याही. त्यांचे भाडे किती आणि ते किती वर्षे वाढणार नाही, हे सुरुवातीच्या करारातच लिहिलेले हवे. जागा प्रसिद्ध झाल्यावर हे लिहायला कोणताच मालक तयार होत नाही, मग तो सरकारी असो वा खासगी. कॅफे आणि दुकाने जरूर असावीत, पण त्यांच्या पूर्ण बाजारभावाच्या भाड्यातून तालमीच्या खोलीचे भाडे भरले जावे. आणि जागावाटपाच्या समितीत वास्तुविशारद व अधिकाऱ्यांबरोबर लालबाग-परळच्या मंडळांचे आणि निवृत्त गिरणी कामगारांचे प्रतिनिधी असावेत. साचा कसा चालायचा, कुठल्या खात्यात कोण उभे राहायचे, हे सांगू शकणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.

यातले बहुतेक पालिकेच्या अखत्यारीत येते. त्यासाठी केंद्राच्या परवानगीची किंवा नव्या कायद्याची गरज नाही. जागा पालिकेच्या ताब्यात आहे, आराखड्याचे टप्पे अजून बाकी आहेत आणि भाडेकराराचा पहिला मसुदा कोरा आहे.